फ्लॉसीचा ठोकळा

बेरिलने विचारलं नाही. क्वीनी प्रॅग्नेलचं म्हणणं एवढंच होतं, आणि ते ती सकाळपासून सांगत होती. बटाटे सोलताना सांगितलं, मटण ओव्हनमध्ये सरकवताना सांगितलं, पुदिना चिरताना तर सुरीच्या प्रत्येक घावाला एक शब्द याप्रमाणे सांगितलं. वस्तू हवी तर माणसाने मागावी. मागितली असती तर क्वीनीने दिली असती असं नाही, दिली नसतीच. पण नाही म्हणायचा तिचा हक्क तरी राहिला असता!

स्वयंपाकघराचं मागचं दार धाडकन आपटलं. इचेन नदीवरून येणाऱ्या वाऱ्याला रविवारची सुट्टी नसते. तिच्या नवऱ्याने, सिडने, दाराखाली आपली सपात खुपसून ठेवली होती, ती आता अंगणात कोबीच्या वाफ्यात पडली होती.

"बघा," क्वीनी म्हणाली. "घराला दार आहे, दाराला ठोकळा नाही."

तो ठोकळा म्हणजे लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा. एक बाजू आरशासारखी गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला मुठीत धरायला खाच. युद्ध संपल्यापासून तो त्या दाराशी होता. त्याला कुणी लाथ मारायची नाही, त्याच्यावर पाय ठेवायचा नाही. लहानपणी तिच्या मुलाने, डेरेकने, एकदा तो ठोकळा मारून अक्रोड फोडले होते आणि त्या रात्री तो उपाशी झोपला होता. तो ठोकळा कुठून आला हे कुणी विचारलं नाही. या घरात काही गोष्टी विचारायच्या नसतात, हे मुलांना चालायला येण्याआधी कळायचं.

डेरेकच्या बायकोने, पॉलीनने, टेबलावर काटे-चमचे मांडले. क्वीनीने एक नजर टाकली आणि बोटाच्या पेराने टेबलावर दोनदा ठोकलं. पॉलीनने ओठ आवळून सगळे पुन्हा मांडले. एक टक म्हणजे ठीक. दोन म्हणजे पुन्हा कर. तीन म्हणजे टाकून दे आणि पहिल्यापासून सुरू कर. डेरेक आणि बेरिल या भाषेतच वाढले होते. पॉलीनला ती लग्नानंतर, तिशी जवळ आल्यावर शिकावी लागली होती, आणि ते ती विसरली नव्हती.

"आई, एका लोखंडाच्या तुकड्यासाठी एवढं?" डेरेक म्हणाला. "उद्या मी रबराचा आणून देतो. हल्ली सगळीकडे मिळतात."

"रबराचा तू तुझ्या उशीखाली ठेव. डोकं तरी जागेवर राहील."

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल," पॉलीन मिठाची डबी सरळ करत म्हणाली. आवाज इतका गोड की डेरेकने मान वर केली. "बेरिल दर शनिवारी मि. बिडलकोमच्या शेडमध्ये जाते, आजही गेलीय. ते जुनं विमान जोडतायत ना, तिथे. बेकरीतल्या बाईने सांगितलं मला."

"तुला वाटलं!" क्वीनी म्हणाली. "तुला काही वाटलं की दुसऱ्याच्या घरात धूर निघतो."

"विमान?" डेरेक म्हणाला. "कुठलं विमान?"

"स्पिटफायर," सिड म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. सिड प्रॅग्नेल सहसा जेवणाच्या टेबलावर बोलत नसे. बोलायची जागा शिल्लकच नसे. त्याने घाईघाईने मटणाच्या रश्शात डोळे बुडवले.

"तुला कसं माहीत?" क्वीनीने विचारलं.

"जड होता तो ठोकळा. ती पिशवीत घालून चालत नेणार होती. म्हणून मी सायकलच्या टोपलीतून..."

"सिड प्रॅग्नेल!"

"तिने विचारलं मला."

"तुला? या घरात तुला कोण विचारतं?"

"तेच," सिड म्हणाला. "मलाही नवल वाटलं. म्हणून हो म्हटलं."

डेरेक आतापर्यंत आईच्या बाजूने होता. आता त्याचा चेहरा पडला. बेचाळीस वर्षांचा माणूस, दोन मुलांचा बाप, विमा कंपनीत कामाला, पण आवाज दहा वर्षांच्या पोराचा. "युद्धातलं खरंखुरं लढाऊ स्पिटफायर इथून दोन मैलांवर आहे, बाबांना माहीत, बेरिलला माहीत, बेकरीतल्या बाईलाही माहीत, आणि मला कुणी सांगत नाही?"

तेवढ्यात बेरिल आली. हॉलमध्ये कोट काढल्याचा आवाज झाला, मग ती दारात उभी राहिली. अडतीस वर्षांची, उंच, बस डेपोत तिकीट खिडकीवर बसणारी, लग्न न केलेली. नखं काळी होती. केसांत काहीतरी चकाकत होतं, ॲल्युमिनियमचा बारीक कीस.

"हात धू," क्वीनी म्हणाली.

"धुतले. जात नाही ते."

"माहीत आहे मला जात नाही ते. लोणी लाव, मग साबण."

बेरिलने तिच्याकडे चमकून पाहिलं. इतक्या वर्षांत क्वीनीने युद्धात केलेल्या विमानांच्या कामाबद्दल काढलेला हा पहिला शब्द होता, आणि तोही साबणाबद्दल.

"ठोकळा कुठाय माझा?"

"शेडमध्ये. मावशी, त्यांच्याकडे पत्र्यामागे धरायला असा एकही नव्हता. शेपटीच्या टोकाला जागा एवढीशी आहे, नेहमीचा जातच नाही. हा बरोब्बर बसतो. आणि मी त्यांना म्हटलं, ठोकळा देते, पण आत जाऊन तो मी धरणार. दुसरं कुणी नाही."

"आत्ताच्या आत्ता आणून दे."

"नाही."

पॉलीनच्या हातातला चमचा थांबला. या टेबलावर 'नाही' हा शब्द फक्त एक माणूस वापरत असे.

"तुला काय कमी केलं मी?" क्वीनी हळू आवाजात म्हणाली, आणि तिचा आवाज हळू झाला की सिड खुर्ची मागे सरकवत असे. "डेरेकला एक अंडं तर तुला एक अंडं. त्याला बूट तर तुला बूट. कधी वेगळं काही दिसलं तुला?"

"कधीच नाही. तू सगळं दिलंस. एक गोष्ट सोडून." बेरिलने खुर्चीची पाठ धरली. "ती कशी होती, हे एका वाक्यात तरी सांगितलंस? एक फोटो आहे, त्यातही तिने टोपी डोळ्यांवर ओढलेली. हसायची का, रडायची का, तिला काय आवडायचं, काही नाही. बिडलकोमने मला विचारलं, हा ठोकळा कुणाचा, तिचाच असेल असं वाटलं, पण मला सांगता येईना. मी तिथे आडवी पडून तो धरते ना, तेवढाच वेळ मला वाटतं की मला आई होती."

बेरिल पोटची नव्हती. हे कुणी लपवलं नव्हतं आणि कुणी बोललंही नव्हतं. ती क्वीनीच्या धाकट्या बहिणीची, फ्लॉसीची मुलगी. बाप जहाजावर कोळसा टाकणारा. पोरीचं तोंड बघायच्या आधी अटलांटिकच्या तळाशी गेला. फ्लॉसी त्याच्यानंतर फार दिवस राहिली नाही.

"म्हणजे मी कोण?" क्वीनी म्हणाली.

मागचं दार पुन्हा आपटलं.

क्वीनी उठली. एप्रन सोडला, घडी केली, आणि खुंटीवरची हिरवी टोपी घेऊन आरशाशिवाय डोक्यावर ठेवली. "डेरेक, गाडी काढ."

"रुबार्बचा गोड पाय आहे अजून ओव्हनमध्ये," पॉलीन म्हणाली.

"पाय कुठे पळून जात नाही. माझा ठोकळा गेलाय."

गाडीत पुढे क्वीनी, मागे सिड, पॉलीन आणि बेरिल. क्वीनीला खिडकीतून नदी दिसत होती, आणि नदीच्या काठी जिथे विमानांचा मोठा कारखाना होता ती रिकामी जागा. त्यावर युद्धात बॉम्ब पडले, आणि मग कारखाना तुकड्यातुकड्यांनी गावभर पसरला. पंख बसच्या गॅरेजात, शेपट्या एका लाँड्रीत. क्वीनी आणि फ्लॉसी लाँड्रीत. भिंतींना साबणाचा वास आणि छताला विमानाच्या शेपट्या टांगलेल्या. तुकडे गाड्यांवर लादून विल्टशायरच्या माळावर जायचे, तिथे जोडले जायचे, आणि कुणीतरी ते उडवत घेऊन जायचं. दोघी बहिणींनी आपल्या हातचं एकही विमान उडताना पाहिलं नव्हतं. वरून एखादं गेलं की फ्लॉसी म्हणायची, ते बघ, आपलं आहे ते. कशावरून? आवाजावरून. शेपटीत मी शिव्या भरल्या होत्या, त्या ऐकू येतायत.

मनात आलेलं हसू क्वीनीने चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. बेरिल मागून बघत असणार.

शेडच्या दारात मि. बिडलकोम उभे होते. सत्तरीचे, युद्धात हवाई दलात मेकॅनिक होते, आता शेतीची यंत्रं दुरुस्त करतात आणि उरलेला वेळ या विमानाला देतात. क्वीनीची टोपी बघून त्यांनी आपली काढली.

"मिसेस प्रॅग्नेल. येणार असं कळवलं असतं तर झाडून ठेवलं असतं."

"झाडायला नाही आले. माझी वस्तू न्यायला आले."

आणि मग तिने ते पाहिलं.

पंख नव्हते, ते भिंतीला उभे टेकवलेले. इंजिन नव्हतं. फक्त लांब, निमुळतं धड, लाकडी घोड्यांवर ठेवलेलं, खिडकीतल्या उजेडात राखाडी. डेरेक त्याच्याभोवती हात मागे बांधून फिरू लागला. हात लावायची परवानगी मागायचं धाडस त्याला होत नव्हतं. क्वीनी जागची हलली नाही. तिने लाँड्रीत असल्या शेकडो शेपट्या पाहिल्या होत्या, आणि त्यानंतर एकही नाही. शेपटी इतकी लहान असते हे ती विसरली होती. आपल्याला ती मोठी आठवत होती, कारण तेव्हा आतमध्ये फ्लॉसी असायची.

"पुष्कळ भोगलंय हिने," बिडलकोम म्हणाले. "इंग्लिश खाडीवरून फ्रान्सकडे किती वेळा गेली आली कोण जाणे. शेवटी पोटावर उतरली, वाटाण्याच्या शेतात. वैमानिक पोरगा वाचला. मग हवाई दलाच्या एका फाटकापाशी खांबावर चढवून ठेवली, वीस वर्षं पावसात."

"म्हणजे पेन्शनीत काढलं," क्वीनी म्हणाली. "आमच्या लाँड्रीतली आहे?"

बेरिलचे डोळे बिडलकोमवर खिळले. त्यांनी मान हलवली. "सांगता येत नाही. पत्रे किती वेळा बदललेत, नंबराची पाटी गेलीय. असेलही. नसेलही. तुमच्यासारख्या ठिकाणी हजारोंनी झाली."

"खरं बोललात," क्वीनी म्हणाली. "नाहीतर सगळ्यांना आपलंच असावं असं वाटतं. आणा माझा ठोकळा."

"आत आहे. बेरिल सकाळी टोकाशीच ठेवून आली."

बेरिल वैमानिकाच्या जागेतून आत शिरली, पुढे झुकली, आणि हळूहळू दिसेनाशी झाली. आधी खांदे, मग कंबर, मग गुडघे. शेवटी बुटांचे तळवे. आतून सरपटण्याचा आवाज शेपटीकडे सरकत गेला. मग थांबला.

सगळे थांबले. बेरिल बाहेर येईना.

"बेरिल," डेरेकने हाक मारली.

काही नाही.

क्वीनी शेपटीपाशी गेली. आवाज देण्यात तिला कमीपणा वाटला. तिने बोटाच्या पेराने पत्र्यावर एकदा ठोकलं. ये बाहेर, पुरे.

आतून उत्तर आलं. लोखंडाचं ॲल्युमिनियमवर. दोन टक.

पुन्हा कर.

क्वीनीचा हात पत्र्यावर तसाच राहिला. हा आवाज तिने अडतीस वर्षं ऐकला नव्हता. टेबलावरचा आवाज म्हणजे हाडाचा लाकडावर, नुसती नक्कल. हा खरा होता, धातूचा, आत पोकळी असलेला, पत्र्यापलीकडून येणारा.

"तिकडे काय चाललंय?" पॉलीन कुजबुजली.

"आतल्या माणसाचं बोलणं," बिडलकोम म्हणाले. "बाहेरचा हवेच्या हातोड्याने रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारा खिळा, मारतो, आतला पलीकडून लोखंड दाबून धरतो. रिव्हेट नीट बसला की नाही ते आतल्यालाच दिसतं. गोंगाटात ओरडून उपयोग नसतो, म्हणून ठोकून सांगायचं. दर जोडीची आपली भाषा असते."

पॉलीनने क्वीनीकडे पाहिलं. तिला काहीतरी उमगत गेलं, आणि या वेळी तिच्या आवाजात गोडी नव्हती. "म्हणजे घरी टेबलावर... ती टकटक... ती आतल्या माणसाची. तुम्ही आत असायचात?"

"मी बाहेर. ती फ्लॉसीची," क्वीनी म्हणाली.

मग आतून एक टक. बारीक, बोटाने केलेली.

क्वीनीने टोपी काढून सिडच्या हातात दिली. "मि. बिडलकोम, हातोडा कुठाय तुमचा? आणि राहिलेली रांग कुठली?"

"मिसेस प्रॅग्नेल, खांद्याला हिसका बसेल. या वयात..."

"माझं वय मी विचारलं नाही. हातोडा विचारला."

हातोडा जड होता, पण खांद्याला तो आठवत होता. बिडलकोमनी भोकात रिव्हेट घातला. क्वीनीने हातोड्याचं तोंड टेकवलं, अंग मागे झोकलं, घोडा दाबला. शेड दणाणलं. डेरेकने कान झाकले.

आतून: टक, टक, टक.

टाकून दे. पहिल्यापासून कर.

डेरेक खळखळून हसला. क्वीनीने वळून पाहिलं तसा थांबला, पण हसू चेहऱ्यावर राहिलंच. सिडही टोपीआड तोंड लपवत होता. त्यांच्या देखत पहिल्यांदाच कुणीतरी क्वीनी प्रॅग्नेलला तीन ठोके दिले होते.

"फार शहाणी आहेस," क्वीनी पत्र्याला म्हणाली. "तुझ्या आईनेही पहिल्या दिवशी मला तीनच दिले होते. दिवसभर."

आतून आवाज आला, दबलेला, घुमणारा. "मग तू काय केलंस?"

"बोलले नाही तिच्याशी. घरी जाईपर्यंत. मग तिने रस्त्यात माझी नक्कल केली, हातोडा धरल्यासारखी, जीभ बाहेर काढून. मी जीभ बाहेर काढते म्हणे काम करताना."

"काढतेस," आतून बेरिल म्हणाली. "पायचं पीठ लाटताना."

बिडलकोमनी तो रिव्हेट काढून नवा घातला. दुसऱ्याला दोन टक आल्या. क्वीनीने पुन्हा घोडा दाबला. तिसऱ्याला एक. चौथ्याला एक. हाताला लय सापडली, आणि लय सापडल्यावर तोंडालाही सापडली. समोरासमोर बसून जे एवढ्या वर्षांत निघालं नाही, ते पत्र्याच्या या बाजूने, कुणाचं तोंड बघावं न लागता, निघू लागलं.

"मावशी, ती गायची?"

"बेसूर. आणि मोठ्याने. हातोडा थांबला तरी तिचं थांबायचं नाही. फोरमन म्हणायचा, याहून जर्मन बरे."

टक.

"काय आवडायचं तिला?"

"लिंबाच्या गोळ्या. मिळायच्या नाहीत, मिळाली की एक गोळी तीन दिवस पुरवायची. कागदात गुंडाळून मोज्यात ठेवायची. शी! आणि तू. तुला झोपलेली बघत बसायची. मी म्हणायचे, झोपलेलं पोर बघून काय मिळतं? ती म्हणायची, जागी असताना ती माझ्याकडे बघते, मला तिच्याकडे बघता येत नाही."

क्वीनी थांबली. मग आतून टक.

"त्या रात्री..." बेरिल म्हणाली.

सिडने पाऊल पुढे टाकलं आणि थांबला. क्वीनीने हातोडा खाली केला.

"त्या रात्री दोरीवरचे कपडे काढायची पाळी माझी होती, तिची नव्हती. तू सिडच्या आईकडे, खेड्यात. सगळ्यांना वाटत होतं आता थांबले बॉम्ब. तुझे लंगोट दोरीवर वाळत होते, सकाळी तुझ्याकडे न्यायचे म्हणून ती ते काढायला गेली. बस. एवढंच आहे, बेरिल. यापलीकडे काही असतं तर सांगितलं असतं. सकाळी मी कामाला आले, हातोडा घेतला, आणि आतून कुणी बोलेना. त्यांनी दुसरी पोरगी दिली. चांगली होती बिचारी. मी तिला तो ठोकळा दिला नाही. पहिल्याच दिवशी लपवला. युद्ध संपलं तेव्हा कोटाखालून घरी आणला. सरकारचा होता. येऊ दे सरकारला न्यायला."

शेपटीवरची रांग संपली. शेवटचा रिव्हेट बिडलकोमनी अंगठ्याने चाचपून पाहिला.

बेरिल पाय आधी करत बाहेर आली. गुडघे धुळीने माखलेले, डोळे लाल, हातात ठोकळा. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, आणि मधे पत्रा नसल्यामुळे दोघींनाही जरा अवघड झालं.

"मी तिच्यासारखा धरते का?" बेरिलने विचारलं.

शेडमधल्या प्रत्येकाला वाटलं, हो म्हण. पॉलीननेसुद्धा मनात म्हटलं, म्हण ना, काय जातंय. क्वीनीने सिडच्या हातून टोपी घेतली, डोक्यावर ठेवली, सरळ केली.

"नाही," ती म्हणाली. "विचारल्याशिवाय नेलास, हे मी तुला मरेपर्यंत ऐकवणार. ठोकळा इथेच राहू दे, घरी दाराला वीट लाव. आणि पुढच्या शनिवारी मला सोडून आलीस तर बघ. पण तिच्यासारखा नाही धरत तू. तिचा हात हलका होता, लोखंडालाही कळायचं नाही कुणी धरलंय. तू दात-ओठ खाऊन धरतेस, कुणीतरी हिसकावून नेणार असल्यासारखा. हे तिचं नाही, पोरी. हे तू माझ्याकडून घेतलंस."